लोणच्याची काकडी आणि बियाण्याची काकडी

बरणीत मुरवायची काकडी बोटाएवढी असतानाच खुडावी लागते. मादी फूल फळलं की चार-पाच दिवसांत ती त्या मापाला येते. तेव्हा आतलं बी म्हणजे नुसता पांढरा पापुद्रा, पेरून उगवणार नाही असा. बी हवं असेल तर तेच फळ आणखी महिनाभर तरी वेलीवर राखावं लागतं. आणि एखादं फळ जून होऊ दिलं की वेल नव्या काकड्या धरायला आळसावते. म्हणजे बी ठेवायचं तर त्या हंगामाच्या लोणच्यावर थोडं पाणी सोडायचं. हा तोटा कोणी सोसला, यावरूनच या काकडीच्या जुन्या वाणांची गोष्ट सांगता येते.

काकडी मूळची हिमालयाच्या पायथ्याची. तिथली रानकाकडी, वनस्पतिशास्त्रातली ‘हार्डविकी’, आखूड आणि कडूजहर. सुमारे 3000 वर्षांपूर्वी माणसाने तिला परसात आणलं आणि कमी कडू फळांचं बी निवडत निवडत आजची काकडी घडवली. कडूपणा पुरता गेलेला नाही. पाण्याचा ताण बसला की देठाकडच्या टोकाला कुकुर्बिटासिन हे कडू द्रव्य उतरतं, म्हणून तर आपण टोक कापून चाखून बघतो.

रोमन सम्राट टायबेरियसला म्हणे वर्षभर रोज काकडी लागायची. गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण अभ्यासकांच्या मते ती काकडी नव्हतीच. खरबुजाच्या कुळातलं लांब, लव असलेलं फळ होतं. खरी काकडी युरोपात पोचली मध्ययुगात, दोन वाटांनी. एक इराणकडून खुष्कीने पूर्व आणि उत्तर युरोपात, दुसरी भूमध्य समुद्रातून पश्चिमेला. पहिल्या वाटेची खूण शब्दांत उरली आहे. पोलिश ‘ओगुरेक’, जर्मन ‘गुर्के’ आणि इंग्रजीतलं ‘गर्किन’ हे एकाच घरातले. उन्हाळा आखूड आणि हिवाळा लांब अशा मुलखात काकडी मिठाच्या पाण्यात गेली नसती तरच नवल.

कोलंबसाने 1494 मध्ये ती कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटावर लावली. ‘वेस्ट इंडिया गर्किन’ नावाचं काटेरी फळ मात्र वेगळं. ते आफ्रिकेतून आलेल्या दुसऱ्याच जातीचं आहे, काकडीशी त्याचा संकर होत नाही. नाव सारखं म्हणून बियाण्याच्या पाकिटावर गफलत होते, एवढंच.

आज ‘जुनं वाण’ म्हणून जी नावं कौतुकाने घेतली जातात, त्यांतली बरीचशी एकोणिसाव्या शतकातली. 1858 मध्ये जॉन मेसनने फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बरणीचं पेटंट घेतलं आणि घरोघरी बरण्या भरू लागल्या. ‘बोस्टन पिकलिंग’, ‘शिकागो पिकलिंग’, पॅरिसची बारकी ‘कॉर्निशॉन’ ही त्याच शतकाच्या उत्तरार्धातली नावं. 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगनच्या कृषी महाविद्यालयात ‘नॅशनल पिकलिंग’ घडली. तिची टोकं मुद्दाम बोथट, म्हणजे बरणीत दाटीने बसावी. थोडक्यात, आजीच्या परसातली म्हणून मिरवणारी ही वाणं बियाणे कंपन्यांच्या आणि लोणचं उद्योगाच्या पदराखाली वाढली. मला यात काही कमीपणा वाटत नाही. जून फळांसाठी अख्खं शेत राखून ठेवणं कंपनीला परवडत होतं, परसातल्या चार वेलींना नव्हतं. शिवाय ते बी मुक्त परागीभवनाचं होतं, म्हणजे पेरलं की तेच वाण पुन्हा उगवणारं. मनात आलं तर कोणालाही राखता येत होतं.

ती मुभा आकसू लागली 1962 मध्ये. कोरियातून आलेल्या एका वाणात जवळजवळ सगळी फुलं मादीच येतात, हे हेरून मिशिगनमध्येच पैदासकार सी. ई. पीटरसन यांनी ‘स्पार्टन डॉन’ हा संकर आणला. मादी फुलं जास्त, म्हणून फळं जास्त, आणि तीही एकदम. यंत्राने तोडणीला अगदी सोयीची. पण नर फूल नाही तर पराग कुठून येणार? म्हणून अशा संकरांच्या पाकिटात नर फुलं देणाऱ्या दुसऱ्या वाणाचं थोडं बी मिसळलेलं असतं, कधी वेगळ्या रंगाने रंगवलेलं. या वेलींचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर काय उगवेल याचा नेम नाही.

1975 मध्ये अमेरिकेत ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ सुरू झाली, ती घराघरांत उरलेलं असं जुनं बी एकमेकांना देण्यासाठी. त्यानंतर जून काकडीचा तोटा पुन्हा परसाकडे आला, या वेळी हौसेने. एकच वाण लावायचं, नाहीतर मादी फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी बांधून ठेवायचं आणि सकाळी हाताने पराग लावून पुन्हा झाकायचं, कारण मधमाशी अर्धा किलोमीटर सहज जाऊन येते. शेजारी खरबूज असलं तरी चिंता नाही, त्याचा पराग काकडीला लागत नाही.

जून फळ कापलं की बी बुळबुळीत गरात गुंतलेलं निघतं. ते पाण्यात दोन-तीन दिवस आंबवायचं. वास मारतो, पण गर सुटतो. भरलेलं बी तळाशी बसतं, पोचट वर तरंगतं. वाणाची खरी ओळख मात्र फळ कापायच्या आधीच पटते. कोवळेपणी काळे काटे असलेली काकडी पिकून नारिंगी-तपकिरी होते, पांढऱ्या काट्यांची फिकट पिवळी. काळ्या काट्यांची फळं लवकर पिवळी पडतात म्हणून व्यापारी वाणांत पांढरे काटे आले. जुन्या ‘बोस्टन’चे अजून काळेच आहेत.