‘च’ची भानगड

चारचौघांत बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडते, तळहात घामेजतात. का, विचारलं तर उत्तर तयार असतं: ‘मीटिंगचं टेन्शन.’ पण त्याच मीटिंगला शेजारी बसलेला सहकारी निवांत चहा पीत असतो. मीटिंग दोघांना सारखीच आहे, म्हणजे टेन्शन काही मीटिंगमधून आलेलं नाही.

घटना आणि भावना यांच्यामधली ही जागा अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नेमकी हेरली. ‘माणसं घटनांनी नव्हे, घटनांबद्दलच्या आपल्या मतांनी अस्वस्थ होतात,’ असं ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस सांगून गेला होता. एलिस मनोविश्लेषण, म्हणजे मनात खोल दडलेल्या गोष्टींचा माग काढणारी उपचारपद्धती, सोडून बाहेर पडले आणि १९५५ च्या सुमारास त्यांनी त्या विचारावर उपचारपद्धती उभी केली. मराठीत तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात.

मधल्या जागेत काय दडलेलं असतं? आपल्या भाषेत तर ते एका अक्षरात सापडतं. ‘माझं बोलणं चांगलं व्हावं’ ही इच्छा झाली. ‘चांगलं झालंच पाहिजे’ हा हट्ट. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं. हट्ट पुरा झाला नाही तर माणूस कोसळतो. ‘लोकांनी माझ्याशी नीट वागलंच पाहिजे’, ‘मनासारखं घडलंच पाहिजे’ ही त्याच हट्टाची भावंडं.

आता उपचारकाच्या खोलीत काय चालतं ते पाहा.

‘बोलताना चुकलात तर?’
‘लोक हसतील.’

इथे आपण कुणीही म्हणू, ‘छे, कोण हसतंय!’ विवेकनिष्ठ उपचारक तसं म्हणत नाही.

‘समजा, हसले. मग?’
‘मग काय! माझी लायकीच नाही, हे सिद्ध होईल.’
‘एक भाषण फसलं, हे खरं. पण त्यावरून अख्खा माणूस नालायक कसा ठरला?’

या प्रश्नावर बहुतेक जण गप्प होतात. धीर देण्यापेक्षा हा मार्ग मला प्रामाणिक वाटतो, कारण लोक खरंच हसू शकतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेल्या उपचारपद्धतीत ‘लोक हसतील’ या विचाराला पुरावा आहे का, हे आधी तपासतात. एलिस मात्र आधी सर्वांत वाईट तेच गृहीत धरत. दोन्ही वाटा आज वापरात आहेत. गरज असेल तिथे औषधंही लागतात. नुसत्या युक्तिवादावर सगळं भागत नाही.

आणि ‘सकारात्मक विचार करा’ असंही इथे कुणी सांगत नाही. चिंतेच्या जागी काळजी आणि नैराश्याच्या जागी दुःख आलं, तरी पुरे. काळजी वाटणारा माणूस तयारी करतो, चिंतेने ग्रासलेला रात्रभर कूस बदलत राहतो.

समजूत डोक्याला पटली तरी अंगवळणी पडायला वेळ लागतो, म्हणून गृहपाठ असतो: ज्याची भीती वाटते तेच करून बघायचं. एलिस यांनी हा प्रयोग एकोणिसाव्या वर्षी स्वतःवर केला होता. मुलींशी बोलायला ते प्रचंड लाजत. मग न्यूयॉर्कच्या एका वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन, बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी त्यांनी स्वतःहून बोलणं काढलं. काही जणी उठून गेल्या, पण सुमारे शंभर जणींशी गप्पा झाल्या. कुणी पोलीस बोलावले नाहीत. भीती मात्र गेली. शंभरांतली एकच पुन्हा भेटायला तयार झाली, आणि ती आलीच नाही. या वाक्यातले दोन्ही ‘च’ तसे निरुपद्रवी आहेत.