नोट तिरकी करून बघा

नाशिकच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून आतल्या पानावर एक बातमी येते: घरातला रंगीत प्रिंटर, कागदाचे गठ्ठे, पाचशेच्या अर्धवट कापलेल्या नोटा आणि बुरखा घातलेले दोघे-तिघे. मग काही दिवस बाजार समितीत प्रत्येक पाचशेची नोट उजेडाकडे धरली जाते, बोटांत कुरकुरवली जाते. गांधीजींचा वॉटरमार्क दिसला की समाधान. नोटेतली तार मात्र कुणी तिरकी करून बघत नाही. ज्या गावच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात, तिथे तरी हे व्हायला नको.

नव्या पाचशेच्या नोटेतली तार समोरून हिरवी दिसते, नोट कलती केली की निळी. यात दोन रंगांची छपाई नाही. पावसात पेट्रोलपंपासमोरच्या डबक्यावर तेलाचा तवंग रंगीत दिसतो, तेच हे व्यतिकरण. रंग बदलणाऱ्या शाईची एक प्रचलित रचना अशी: तळाला ॲल्युमिनियमचा आरसा, त्यावर मॅग्नेशियम फ्लोराइडचा पारदर्शक थर आणि सर्वांत वर क्रोमियमचा इतका विरळ थर, की थोडा प्रकाश तिथूनच परततो आणि थोडा आत शिरतो. आत शिरलेला आरशावर आपटून बाहेर येतो आणि पहिल्याला भेटतो. ज्या रंगाच्या लाटांचे उंचवटे एकमेकांवर बसतात तो रंग उजळतो, बाकीचे विझतात.

आता थोडं गणित. मधला थर ३८४ नॅनोमीटरचा आणि त्याचा अपवर्तनांक १.३८ धरा, म्हणजे प्रकाश त्यात हवेपेक्षा १.३८ पट सावकाश जातो. सरळ बघताना जाऊन-येऊन प्रकाशीय वाट होते २ × १.३८ × ३८४, म्हणजे सुमारे १०६० नॅनोमीटर. तिच्यात ५३० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाच्या बरोबर दोन लाटा मावतात. नोट ४५ अंशांत कलती केली, तर किरण थरातून तिरका जाईल, वाट लांबेल आणि रंग तांबड्याकडे सरकेल असं वाटतं. घडतं नेमकं उलट! कारण हिशेब एका किरणाच्या वाटेचा नाही, दोघांच्या वाटांतल्या फरकाचा आहे. दुसरा किरण बाहेर येईपर्यंत वरूनच परतलेला पहिला हवेत पुढे गेलेला असतो. ते अंतर वजा केलं की उरलेला फरक थरातल्या कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात घटतो. थरात शिरताना किरण वळतो, कोन ३१ अंशांच्या आसपास येतो, त्याचा कोसाइन ०.८६. त्याने ५३० ला गुणलं की ४५५. निळा! मधला थर दहा टक्के जाड झाला, तर समोरून हिरव्याऐवजी पिवळा दिसेल. असे थर निर्वात कक्षात पदार्थांची वाफ बसवून तयार करतात. घरचा प्रिंटर हिरवा छापेल, फार तर चमकी लावेल.

अशी शाई बनवणाऱ्यांत स्वित्झर्लंडची सिक्पा ही कंपनी जगभर आघाडीवर आहे. म्हणजे नोटेचं कुलूप जागतिक बाजारातून येतं आणि ते फोडू बघणाऱ्याचा स्कॅनर, प्रिंटरही तिथूनच. अब्दुल करीम तेलगीला बनावट मुद्रांकांसाठी नाशिकरोडच्याच सिक्युरिटी प्रेसची भंगारात काढलेली यंत्रं मिळवावी लागली होती. सीमेपलीकडची फसवणूक तशी जुनी आहे. १९२५ मध्ये पोर्तुगालच्या आल्वेस रेइसने खोट्या पत्रांच्या जोरावर लंडनच्या खऱ्या छापखान्याकडूनच एस्कुदोच्या नोटा छापून घेतल्या होत्या. पण जागतिकीकरणानंतर हा धंदा दोन टोकांना गेला. एका टोकाला घरगुती प्रिंटरवाले, दुसऱ्या टोकाला सीमेपलीकडून येणारा इतका सफाईदार माल, की २०१२ च्या दुरुस्तीने उच्च प्रतीच्या बनावट नोटा दहशतवादविरोधी यूएपीए कायद्यात आल्या. हाताने ठसा कोरणारा मधला कारागीर मात्र संपला.

२०१६ मध्ये दोन हजारच्या नोटेत जीपीएस चिप असल्याच्या गप्पा टीव्हीवरही रंगल्या होत्या. जीपीएसचा रिसीव्हर उपग्रहाचं फक्त ऐकतो. स्वतःचा ठावठिकाणा दुसऱ्याला कळवायचा, तर वेगळा प्रक्षेपक आणि वीज लागते. त्या नोटेतही रंग बदलणारी तार होती, पण तिच्यावर कुणी चर्चा ठेवली नाही.

आता चोराला नोटेचीही गरज उरलेली नाही. पोलीस असल्याचं भासवून पैसे उकळणाऱ्या ‘डिजिटल अरेस्ट’च्या अनेक फोनांमागे म्यानमार, कंबोडियातले अड्डे असतात. नोकरीच्या आमिषाने नेलेली भारतीय मुलंही तिथे डांबलेली सापडली आहेत. इथेही तीच दोन टोकं: अड्डा परदेशात, आणि पैसा वळवायला थोड्या कमिशनवर भाड्याने घेतलेलं खातं आपल्याच गल्लीतल्या कुणाचं तरी. त्या खात्यातून पैसा काही मिनिटांत पुढे सरकतो, म्हणून फसवणूक लक्षात येताच पहिला फोन १९३० या सायबर हेल्पलाइनवर करावा. रक्कम वाटेत असेल, तर ती गोठवता येते.