अमेरिकेतल्या सिटी हॉलमध्ये इंटर्नशिप: पात्रता, कागदपत्रं आणि कशानंतर काय

सोलापुरातून एमएस करायला अमेरिकेत गेलेल्या मुलांना कंपन्यांच्या इंटर्नशिपची खडान्‌खडा माहिती असते. पण तिथल्या सिटी (आपल्याकडची महापालिका) आणि काउंटीच्या (साधारण जिल्ह्यासारखा भाग) कार्यालयांतही इंटर्न घेतात, हे फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही. पाणीपुरवठा, जीआयएस (संगणकावरचे नकाशे), बजेट, वाहतूक नियोजन अशा विभागांत कामं निघतात. "पालिकेत काम करायला एवढं कर्ज काढलं का?" असं घरून ऐकावं लागेल, तयारी ठेवा. पण चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्याचं गणित लहानपणापासून सांभाळलेल्या पोराला पाणीपुरवठा विभागात काय विचारायचं ते शिकवावं लागत नाही, असं माझं मत आहे.

एफ-१ व्हिसावर (म्हणजे विद्यार्थी व्हिसावर) असाल तर इंटर्नशिपसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. परवानगी लागते ती सीपीटीची, म्हणजे शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची. ती सिटी देत नाही, इमिग्रेशन खातंही देत नाही. ती देतो तुमच्या विद्यापीठातला डीएसओ (परदेशी विद्यार्थ्यांचं व्हिसाचं काम बघणारा अधिकारी), आणि तिला सरकारी फी नाही. पात्रता अशी: एक पूर्ण शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ शिकून झालेलं असावं (पहिल्या सत्रापासूनच इंटर्नशिप सक्तीची असलेल्या पदव्युत्तर कोर्सना यातून सूट आहे) आणि काम अभ्यासक्रमाचा भाग असावं. म्हणूनच बरीच विद्यापीठं आधी इंटर्नशिपचा क्रेडिट कोर्स घ्यायला लावतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ऑफर लेटरवर. सिटीचा एचआर विभाग आपल्या पद्धतीने दोन ओळींचं पत्र देतो, "समर इंटर्न म्हणून निवड झाली" एवढंच. ते डीएसओकडे चालत नाही. कामाचा पत्ता, सुरू व्हायची आणि संपायची तारीख, आठवड्याचे तास, कामाचं स्वरूप आणि वरिष्ठाचं नाव, हे सगळं पत्रात मागून घ्या. संकोच करू नका, त्यांना एफ-१ची सवय असेलच असं नाही. पत्र जमा झालं की डीएसओ सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणी प्रणालीत) नोंद करून नवीन आय-२० (एफ-१ विद्यार्थ्याचं पात्रता प्रमाणपत्र) देतो. त्यावर छापलेल्या तारखेच्या आधी एक दिवसही कामाला बसायचं नाही, "नुसतं ओळख करून घ्यायला ये" म्हणाले तरी. पगार नसलेली इंटर्नशिप असली तरी डीएसओला विचारल्याशिवाय सुरू करू नका.

आठवड्याला २० तासांपर्यंतची सीपीटी अर्धवेळ, त्यावरची पूर्णवेळ. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त झाली की त्याच पदवीवरची ओपीटी (शिक्षणाशी संबंधित काम करायची वेगळी परवानगी, जी बहुतेक जण पदवीनंतर वापरतात) हातची जाते. एका उन्हाळ्याने तसं काही होत नाही.

अर्ज भरण्याआधी जाहिरात शेवटपर्यंत वाचा. काही पदांना अमेरिकी नागरिकत्वाची अट असते. तिथल्या केंद्र सरकारच्या नोकऱ्या तर बहुतेक नागरिकांसाठीच असतात. सिटी-काउंटीचे नियम मात्र गावागणिक वेगळे. निवडीनंतर पार्श्वभूमी तपासणी आणि बोटांचे ठसे मागू शकतात, त्यात आठवडे जातात. तारीख पुढे सरकली तर आय-२० बदलून घ्या.

कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत आय-९ या फॉर्मचा (कामाचा हक्क तपासण्याचा फॉर्म) आपला भाग भरायचा आणि तीन कामकाजी दिवसांत मूळ कागद दाखवायचे: पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) आणि सीपीटीची नोंद असलेला आय-२०. सोशल सिक्युरिटी नंबरचा (पगार आणि करासाठी लागणारा क्रमांक) अर्ज काम सुरू होण्याच्या जास्तीत जास्त ३० दिवस आधी करता येतो.

अजून सोलापुरातच शिकताय, किंवा पदवी घेऊन १२ महिने झालेले नाहीत? मग जे-१ इंटर्न (देवाणघेवाण कार्यक्रमाचा व्हिसा) हा मार्ग आहे, आणि त्यात सार्वजनिक प्रशासन हे क्षेत्र बसतं. मुदत जास्तीत जास्त १२ महिने. यासाठी मान्यताप्राप्त स्पॉन्सर संस्था लागते. ती डीएस-२०१९ हे जे-१ व्हिसासाठीचं पात्रता प्रमाणपत्र देते. त्याआधी डीएस-७००२ या फॉर्मवर प्रशिक्षणाचा आराखडा भरून सह्या व्हाव्या लागतात. सेव्हिस फी २२० डॉलर (एफ-१ला ३५०), आरोग्य विमा सक्तीचा. गुणपत्रिका आणि ट्रान्सस्क्रिप्टसाठी विद्यापीठात आधीच अर्ज टाकून ठेवा. व्हिसाची मुलाखत मुंबईच्या वकिलातीत होते. बायोमेट्रिक सहसा वेगळ्या दिवशी असतं, तेव्हा सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी उतरून रात्री परत, हा बेत जमेलच असं नाही.

पगार मिळाला तर पुढच्या वर्षी १०४०-एनआर हा करविवरणाचा फॉर्म भरावा लागतो. एफ-१ विद्यार्थ्याच्या पगारातून पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची (पेन्शन आणि ज्येष्ठांच्या आरोग्य विम्यासाठीची) कपात व्हायला नको. झाली असेल तर आधी पगार विभागाकडे परत मागा. भारत-अमेरिका कर करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शनही (करपात्र उत्पन्नातून मिळणारी ठरावीक वजावट) घेता येतं. इतर बहुतेक देशांच्या मुलांना ते मिळत नाही, त्यामुळे बाजूच्या टेबलावरच्या मित्राचा फॉर्म बघून आपला भरू नका.