पुरणयंत्रातून उतरलेला शेफर्ड्स पाय

मागच्या हिवाळ्यात इंदूरला, राजेंद्रनगरच्या आमच्या घरी रविवारच्या रात्री शेफर्ड्स पाय करायचा ठरला. खिमा शिजत आला होता, बटाटे उकडून सोलून झाले होते आणि पाच पानं वाढायची वेळ जवळ आली होती. म्हणून मी बटाटे थेट मिक्सरच्या भांड्यात टाकले. अर्ध्या मिनिटानं झाकण काढून चमचा बुडवला, तर चमच्यामागे तार उठली. चकचकीत, चिकट, ओढलं की ताणलं जाणारं काहीतरी तयार झालं होतं. सासूबाईंनी ते दोन बोटांत धरून चोळलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर खळ झाली." मग फडताळातलं पितळी पुरणयंत्र काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. "दुसरे उकड. आणि गरम आहेत तोवरच काढ यातून."

खळ हा शब्द अगदी नेमका होता. सुती साडीला घालतो ती खळ म्हणजे पाण्यात शिजून फुगलेलं, मोकळं झालेलं पिष्ट, आणि मिक्सरच्या भांड्यात नेमकं तेच तयार झालं होतं.

मुळात हा पदार्थ ब्रिटनमधला. खाली मटणाचा दाटसर खिमा, वर कुस्करलेल्या बटाट्याचा जाड थर आणि सगळं भट्टीत भाजलेलं. तिकडे मेंढीचं मांस असेल तरच मेंढपाळाचं नाव लावतात. गाईचं असेल तर तो कॉटेज पाय. कॉटेज पाय हे नाव 1791 पासून लिखाणात सापडतं, मेंढपाळाचं नाव त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलं. रविवारच्या भाजलेल्या मांसातलं उरलेलं सोमवारी संपवायचं, हा त्यामागचा घरगुती हिशोब. आपल्याकडे बोकडाच्या खिम्यानं उत्तम होतो.

आता बटाटा. कच्च्या बटाट्याचा पातळ काप उजेडासमोर धरला की त्यात बारीक ओलसर कण चमकताना दिसतात. बटाटा म्हणजे लाखो सूक्ष्म पिशव्यांचा गठ्ठा. प्रत्येक पिशवी म्हणजे एक पेशी, आणि तिच्यात पिष्टाचे कण खच्चून भरलेले. धान्यांच्या मानानं बटाट्याचे पिष्टकण चांगलेच मोठे असतात, काही तर 0.1 मिलिमीटरपर्यंत. शेजारशेजारच्या पेशींना पेक्टिन नावाचा डिंक चिकटवून ठेवतो, पेरूच्या जेलीला घट्टपणा देणारा तोच. बटाटा उकडताना दोन गोष्टी घडतात. साधारण 60 अंश सेल्सिअसच्या पुढे पिष्टकण पेशीतलंच पाणी शोषून फुगतात आणि पेशी आतून गच्च भरते. त्याहून जास्त तापमानाला पेक्टिनचा डिंक विरघळू लागतो आणि पेशी एकमेकींपासून सुटतात. चांगला उकडलेला बटाटा बोटानं दाबला की भुसभुशीत होतो, तो यामुळे. पेशी फुटलेल्या नसतात, फक्त सुट्या झालेल्या असतात.

सगळी मेख इथेच आहे. पेशी सुट्या कराव्यात, फोडू नयेत. मिक्सरची पाती मिनिटाला हजारो फेरे घेत पेशींच्या भिंती कापतात, आतलं फुगलेलं पिष्ट बाहेर सांडतं आणि त्याचे लांबलचक रेणू पाण्यात एकमेकांत गुंततात. झाली खळ. पुरणयंत्रात बटाटा एकदाच, एकाच दिशेनं भोकांतून ढकलला जातो, त्यामुळे बहुतेक पेशी अखंड उतरतात आणि खाली मऊ भुरा पडतो. परदेशी स्वयंपाकघरांत यासाठी वेगळं उपकरण विकत घेतात. आपल्याकडे पुरणयंत्र होळीच्या पुरणापुरतं बाहेर निघतं आणि वर्षभर फडताळात बसून राहतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

गरम असतानाच काढायचं, यालाही कारण आहे. गार झाल्यावर पेशींतलं पिष्ट घट्ट बसतं आणि पेक्टिन पुन्हा आवळतं. मग पेशी सुटण्याऐवजी फुटतात. गार पुरण यंत्रातून उतरत नाही, हे आपल्या हातांना ठाऊकच असतं. लोणी मात्र दुधाच्या आधी घालावं: स्निग्धांश कणांवर पसरतो, म्हणून नंतरचं गरम दूध पिष्टाला लगेच चिकट करत नाही. आणि बटाटे उकडताना त्या पाण्यात टोमॅटो किंवा चिंच अजिबात नको. आंबट पाण्यात पेक्टिन विरघळायला वेळ लागतो. आमटीत चिंच आधी पडली की बटाटा टणक राहतो, तेच इथे होईल.

बटाटा कोणता घ्यावा, हे माळव्यात राहणाऱ्याला निवडता येतं. इंदूरच्या चोइथराम मंडीत चिप्सच्या कारखान्यांसाठीचा बटाटा सहज मिळतो. कोरडा अंश जास्त, साखर कमी, हीच त्याची ख्याती. 1998 साली आलेल्या कुफरी चिप्सोना जाती खास त्यासाठीच काढलेल्या. माळव्यात ओळखीची आणखी एक जात म्हणजे कुफरी लवकर, आणि ती तयारही लवकर होते. कोरडा अंश जास्त म्हणजे पिष्ट जास्त, म्हणजेच उकडल्यावर भुसभुशीतपणा जास्त. घरी पारखायचं असेल तर 1 लिटर पाण्यात साधारण 110 ग्रॅम मीठ विरघळवून बटाटा सोडा. पिष्टाचा, जड बटाटा तळाशी जाईल, पाणचट असेल तो तरंगेल. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. आमच्याकडे मुलीनं टोपलीतला एकूण एक बटाटा पाण्यात सोडून पाहिला.

बटाटे फ्रिजमध्ये मात्र ठेवू नयेत. चार-पाच अंशांच्या थंडीत बटाटा स्वतःच्या पिष्टाची साखर करू लागतो, आणि असा गोडसर बटाटा भाजताना आतून तयार होण्याआधीच वरून काळा पडतो.

खिम्याची अडचण वेगळी आहे, ती पाण्याची. मांसात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असतं. अर्धा किलो खिमा एकदम छोट्या कढईत टाकला की तो पाणी सोडतो आणि मग परतला न जाता उकळत बसतो. समजा 150 ग्रॅम पाणी सुटलं. ते खोलीच्या तापमानापासून उकळेपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सात पट उष्णता त्याची वाफ करायला लागते. तोवर कढईचं तापमान उकळबिंदूच्या वर जातच नाही. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरच्या इंदुरात तो बिंदू 98 अंशांच्या आसपास आहे, आणि मांसाला खमंग तांबूस रंग यायला साधारण 140 अंश लागतात. म्हणून पसरट, जाड बुडाची कढई घ्यायची, ती चांगली तापू द्यायची आणि खिमा दोन-तीन वेळा थोडा थोडा करून परतायचा. चरचर आवाज येतोय तोवर ठीक. आवाज बसून बुडबुड सुरू झाली की समजावं, पाणी साचलं.

हा तांबूस रंग म्हणजे शर्करा आणि अमिनो आम्लं यांच्यातली मेलार्ड अभिक्रिया. लुई-कामिय मेलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञानं ती 1912 साली मांडली. इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीतला तळलेला गराडू (एक कंद), डोशाची कड, भाजलेली भाकरी, या सगळ्यांच्या वासात तिचा वाटा आहे. रंग आला की बारीक कांदा, गाजर, लसूण, टोमॅटो, चमचाभर मैदा आणि वाटीभर पाणी घालून कुकरला लावायचं. बोकडाच्या मांसातलं कोलॅजन हे चिवट प्रथिन वितळून त्याचं जिलेटिन व्हायला वेळ लागतो, पण कुकरच्या 120 अंशांच्या आसपासच्या वाफेत हे काम झपाट्यानं होतं. इंग्रज इथे वूस्टरशर सॉस घालतात. त्यातही चिंच असतेच, म्हणून शेवटी बोटभर चिंचेचा कोळ घालताना मला अजिबात संकोच वाटत नाही.

खिमा थोडा निवू द्या, मगच वर बटाटा पसरा. निवताना जिलेटिन आणि मैदा दोन्ही दाट होतात, आणि बटाट्याचा थर आत बुडत नाही. मग काट्यानं वर रेघा ओढायच्या. रेघांचे कंगोरे उंच आणि पातळ असल्यामुळे त्यांतलं पाणी आधी उडतं, आणि पाणी उडालं तिथेच तापमान शंभराच्या पुढे जाऊन रंग धरतो. ओटीजीमध्ये 200 अंशांवर पंचवीस-तीस मिनिटं पुरतात. सोनेरी रंग आला की थांबावं. पिष्टाचे पदार्थ फार करपवले की त्यांत अ‍ॅक्रिलामाइड हे नको असलेलं रसायन जास्त तयार होतं, हे 2002 साली स्वीडनमधल्या तपासणीतून जगाला कळलं. आम्ही कंगोऱ्यांवर चिमूटभर जिरावण, म्हणजे इंदुरी पोह्यांवरचा मसाला, भुरभुरतो.

शाकाहारी घरात खिम्याऐवजी अख्खे मसूर आणि मशरूम घ्या. जिलेटिनची जागा मसुराचं पिष्ट भरून काढतं, आणि परतलेल्या मशरूमचं रुचकरपण चांगलं उतरतं.

बाहेर काढल्यावर लगेच कापू नका, दहा मिनिटं तसाच राहू द्या. उरला तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. मांसाचा मोठा गोळा बाहेर सावकाश निवत राहिला तर त्यात जंतू वाढायला भरपूर वेळ मिळतो. आमच्याकडे त्या रात्री दोन तुकडे उरले होते. सकाळी सुरी घातली तर ते वडीसारखे सरळ, धारदार कापले गेले. रात्रभरात जिलेटिन घट्ट झालं होतं आणि बटाट्यातल्या पिष्टाचे रेणू पुन्हा एकमेकांना धरून बसले होते. सासूबाईंनी बिडाच्या तव्यावर थोडं तेल सोडलं, बटाट्याची बाजू खाली करून दोन्ही तुकडे ठेवले आणि आच मंद केली. "हलवू नकोस," त्या म्हणाल्या, "आपोआप सुटेल." पाच मिनिटांनी तुकडे सुटले, आणि खालची बाजू तांबूस, कुरकुरीत झाली होती.