विरजणाविना आंबणारी बिअर

दुधाला विरजण लावावं तसं बिअरच्या रसात यीस्ट घालतात. ब्रुसेल्सच्या आंदरलेख्त भागात १९०० साली सुरू झालेली काँतियों ही छोटी ब्रुअरी मात्र ते घालतच नाही. तिथली लँबिक नावाची बिअर आपोआप आंबते. ती नीट आंबेल की नासेल, हे बरंचसं त्या रात्रीच्या गारठ्यावर ठरतं.

एका घाण्याला साधारण ८५० किलो बार्लीचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि ४५० किलो मोड न आणलेला गहू लागतो. भरडलेलं धान्य पाण्यात कालवून तापमान टप्प्याटप्प्यानं ४५ पासून ७२ अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. मधेच थोडा गढूळ रस काढून वेगळा उकळतात. त्यातले साखर बनवणारे एन्झाइम निकामी होतात आणि स्टार्चची साखर होणं अर्धवट राहतं. हे मुद्दामच: उरलेले डेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चचे अर्धवट तुटलेले तुकडे, नेहमीच्या यीस्टला पचत नाहीत, पण पुढं वर्ष-दोन वर्षं इतर सूक्ष्मजीव त्यांवर जगतात. हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) तीनेक वर्षं जुने घेतात; कडूपणा बराच गेलेला, जिवाणूंना आवरण्याची ताकद शिल्लक. तीन-चार तास उकळून सुमारे १०,००० लिटर रस ७,५०० लिटरवर येतो.

तो माळ्यावरच्या तांब्याच्या उथळ हौदात रात्रभर उघडा निवतो, तेव्हा हवेतले यीस्ट आणि जिवाणू त्यात उतरतात. तो सकाळपर्यंत २० अंशांच्या आसपास यावा लागतो. रात्र उबदार असली, तर तो नको त्या जिवाणूंना मानवणाऱ्या तापमानात फार वेळ रेंगाळतो. म्हणून काम थंडीच्याच महिन्यांत. २०१५च्या नोव्हेंबरात रात्री थंड होईनात, तेव्हा ठरलेले घाणे रद्द करावे लागले.

सारं श्रेय ब्रुसेल्सच्या हवेला देणं मात्र भाबडेपणाचं. रस पुढं ज्या लाकडी पिंपांत आंबतो, ती गरम पाण्यानं धुतली, तरी लाकडाच्या आत सूक्ष्मजीव टिकून असतात, आणि खरी वस्ती त्यांचीच.

पिंपात आधी आतड्यांतल्या जिवाणूंचे भाऊबंद माजतात. महिनाभरात आम्लता आणि अल्कोहोल वाढून ते मरतात, मग यीस्ट साखर संपवतं. पुढं पेडिओकोकस हा जिवाणू आंबटपणा आणतो. कधी कधी याच वेळी बिअरला तार सुटते, ती तेलासारखी ओघळते. घाबरून ओतून देऊ नये. ब्रेटॅनोमायसिस हे संथ यीस्ट काही महिन्यांत तो चिकटा खाऊन टाकतं. त्याचा पृष्ठभागावरचा पापुद्रा हवाही अडवतो, म्हणून तो मोडायचा नाही. हवा शिरली की व्हिनेगर. त्याचे जिवाणू फळमाश्या आणतात, म्हणून इथं कोळ्यांची जाळी झाडत नाहीत!

शेवटी एक, दोन आणि तीन वर्षांच्या लँबिक मिसळून ग्योझ ही फेसाळ बिअर होते. कोवळीतली उरलेली साखर बाटलीत आंबून फेस धरते. कोवळी कमी पडली तर बिअर मिळमिळीत, जास्त झाली तर बाटली फुटते. किती घालायची हे चव घेऊनच ठरतं, कारण कुठलीही दोन पिंपं सारखी नसतात.