अझुलेजो

अझुलेजो : (पोर्तुगीज उच्चार साधारण ‘अझुलेझु’). एका बाजूस झिलई दिलेली, भाजलेल्या मातीची चौकोनी लादी. तसेच अशा लाद्यांनी भिंती मढवण्याची पोर्तुगालमधील कला. लादीची बाजू बहुधा १४ सेंमी.च्या आसपास असते. झिलईच्या लाद्या इराण, तुर्कस्तान, मोरोक्को, स्पेन, नेदरलँड्स येथेही आढळतात. पोर्तुगालचे वेगळेपण सातत्यात आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून आजपर्यंत ही प्रथा तेथे जवळजवळ अखंड चालत आली. चर्च, राजवाडा, घराचा जिना, स्वयंपाकघर, बागेतला बाक आणि रेल्वे स्थानक या सर्व ठिकाणी ती पोचली. तिला केवळ गृहसजावट म्हणणे अपुरे ठरते, कारण अनेक इमारतींत लाद्या उतरवल्या तर वास्तूची रचनाच कळेनाशी होते.

व्युत्पत्ती : हा शब्द ‘अझुल’ म्हणजे निळा यावरून आला, असा समज सर्वत्र आहे. आज डोळ्यांपुढे येणारा अझुलेजो निळा-पांढराच असल्याने तो टिकूनही आहे. अभ्यासकांचा कल मात्र अरबी ‘अझ्-झुलैज’ या शब्दाकडे आहे. त्याचा अर्थ गुळगुळीत केलेला लहान दगड असा देतात. मोरोक्कोतील तुकड्यांच्या जडावकामाचे ‘झेलीज’ हे नाव याच कुळातले. ‘अझुल’ची वाट निराळी आहे. फार्सी लाजवर्द (संस्कृत राजावर्त) या निळ्या रत्नाच्या नावावरून तो अरबीमार्गे आयबेरियात (स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात) आला. या दोन शब्दांची गाठ केवळ ध्वनिसाम्यामुळे पडली असावी. अरबी व्युत्पत्तीला वस्तूंचाही आधार आहे. आयबेरियातील सर्वांत जुन्या लाद्यांत हिरवा, मधासारखा पिवळा, तपकिरी, काळा आणि पांढरा हे रंग निळ्याच्या बरोबरीने येतात. निळ्याला तेथे कोणताही विशेष मान नाही. शब्द रूढ झाला तेव्हा निळाई हे या कलेचे लक्षण नव्हते, एवढे तरी निश्चित म्हणता येते.

तंत्र : लाद्यांचा काळ ठरवताना चित्रापेक्षा तंत्र अधिक विश्वासार्ह असते, म्हणून त्याचा तपशील आवश्यक आहे. सर्वांत जुन्या पद्धतीत एकरंगी झिलईचे मोठे पत्रे भाजून घेत, चिमट्यासारख्या हत्याराने त्यांचे तुकडे छाटत आणि ते भिंतीवर भौमितिक आकृतीत बसवत. यात कारागिराचे श्रम प्रचंड. पुढची युक्ती म्हणजे एकाच लादीवर अनेक रंग ठेवणे. अडचण अशी की भट्टीत झिलई वितळते आणि शेजारचे रंग एकमेकांत मिसळतात. त्यावर स्पेनमधील सेव्हिलच्या कुंभारांनी दोन उपाय वापरले. एकात रंगांच्या हद्दीवर तेल आणि मँगनीज यांच्या मिश्रणाची रेघ ओढत. पाण्यात कालवलेली झिलई तेलकट रेघ ओलांडत नसे. भाजल्यावर तेथे काळसर रेषा उरे. याला ‘कोर्दा सेका’, म्हणजे कोरडी दोरी, म्हणतात. दुसऱ्या ‘अरेश्ता’ पद्धतीत ओली माती साच्यात दाबून उंच कडा उठवत आणि कडांमधल्या खळग्यांत रंग भरत. हात फिरवला की या कडा बोटांना लागतात. अशी लादी ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

खरे स्थित्यंतर घडवले ते इटलीतून आलेल्या माजोलिका पद्धतीने. तीत आधी एकदा भाजलेली लादी कथिलाच्या ऑक्साइडमुळे दुधासारख्या अपारदर्शक होणाऱ्या झिलईत बुडवतात. ती वाळून भुकटीसारखी झाली की तिच्यावर धातूंच्या ऑक्साइडांनी रंगवतात. कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, मँगनीजचा जांभळा-तपकिरी आणि अँटिमनीचा पिवळा असे मोजकेच रंग भट्टीतून तरतात. कोरडी झिलई कुंचल्यातले पाणी तत्काळ शोषून घेते. त्यामुळे रेघ पुसता येत नाही, हात एकदाच चालतो. मोठे चित्र उतरवण्यासाठी रेखाटनाच्या कागदाला बारीक भोके पाडून त्यांवरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी फिरवतात. आपल्याकडे भरतकामाचा खाका उतरवतात, तसेच हे काम. मग प्रत्येक लादीच्या पाठीवर ओळीचे अक्षर आणि क्रमांक लिहून लाद्या पुन्हा भाजतात. जुने पटल (अनेक लाद्यांचे मिळून झालेले चित्र) उतरवून दुसरीकडे लावताना हे आकडे अमोल ठरले आहेत. ते दुर्लक्षून केलेली जोडणी आजही काही भिंतींवर दिसते, आणि साधूच्या खांद्यावर ढगाचा तुकडा पाहून जीव हळहळतो.

इतिहास : राजा मानुएल पहिला (कार. १४९५–१५२१) याने सेव्हिलमध्ये अशा भिंती पाहिल्या आणि तो मोहित झाला, ही कथा बहुतेक ग्रंथांत येते, तीसाठी १५०३ हे वर्ष सांगतात. ती नाकारण्याचे कारण नाही, पण त्याच सुमारास कुइंब्राच्या जुन्या कॅथीड्रलसाठीही सेव्हिलच्या लाद्या आल्या होत्या. एका राजाच्या आवडीपेक्षा चालू व्यापार हे कारण अधिक पटते. सिंत्राच्या राजवाड्यातील लाद्या मात्र निःसंशय त्याच्या आहेत, कारण काहींवर त्याचे वर्तुळाकार खगोलयंत्राचे चिन्ह उठवलेले आहे.

लिस्बनमध्ये माजोलिका सोळाव्या शतकाच्या मध्यास, बहुधा फ्लँडर्सहून (आजच्या बेल्जियमच्या भागातून) आलेल्या कुंभारांबरोबर पोचली. आझैतांवजवळच्या बाकाल्योआ वाड्यातील एका पटलावर १५६५ हे साल आहे. लिस्बनच्या सांव रॉक चर्चमधील काम १५८४ चे असून त्यावर फ्रान्सिश्कु द मातोस याची सही आहे. सतराव्या शतकात मोठी चित्रे मागे पडली. भिंतभर पसरणाऱ्या, गालिच्यासारख्या पुनरावृत्तीच्या नक्षी आल्या. त्यांत निळ्याबरोबर पिवळा ठळक आहे. गावोगावची चर्चे या नक्षीने अल्प खर्चात उजळली. माझ्या मते पोर्तुगीज प्रतिभा सर्वांत स्वतंत्रपणे दिसते ती इथे. पुस्तकांत मात्र या काळाला दोन-चार ओळी मिळतात.

निळा-पांढरा प्रश्न : सतराव्या शतकाच्या अखेरीस पिवळा हटला आणि निळा एकटा उरला. याचे श्रेय काहीजण चिनी पोर्सेलीनला देतात, काहीजण डच लाद्यांना. चिनी भांडी आशियातून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या केप मार्गे लिस्बनला उतरत होती. निळ्या-पांढऱ्याची चटक त्यांनीच लावली. पण भिंतीवर ती रुची उतरवण्याचा ताजा आदर्श ॲम्स्टरडॅमचा होता. यान व्हान ओर्ट आणि विलेम व्हान देर क्लूट यांच्याकडून पोर्तुगीज संस्थांनी अख्खी पटले मागवली. त्याला स्थानिक उत्तर दिले ते मूळच्या स्पॅनिश गाब्रिएल देल बार्कोपासून आंतोनियू द ओलिव्हैरा बेर्नार्देसपर्यंतच्या पिढीने. सुमारे १७०० चे, जवळपास २३ मी. लांबीचे लिस्बनचे दृश्यपटल बार्कोचे मानतात. १७५५ च्या भूकंपापूर्वीचे शहर त्यात घराघरासह दिसते, म्हणून ते इतिहासाचे साधनही आहे. सध्या ते लिस्बनच्या राष्ट्रीय अझुलेजो संग्रहालयात आहे. राणी लिओनोर हिने १५०९ मध्ये स्थापलेल्या मादरे द देउश मठात हे संग्रहालय भरते.

१ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपानंतर शहर नव्याने उभारताना स्वस्त, झटपट बनणाऱ्या नक्षीच्या लाद्या लागल्या. पुनर्बांधणी करवून घेणाऱ्या पोंबाल मंत्र्याच्या नावाने त्या ओळखल्या जातात. लिस्बनमधील रातो येथील शाही कारखाना १७६७ मध्ये निघाला. घराच्या दर्शनी भिंतीवर आग आणि भूकंपापासून राखण करणाऱ्या संतांची छोटी पटले बसवण्याची श्रद्धा या काळात बळावली.

घर आणि ऋतू : उन्हाळ्यात झिलईची भिंत हाताला थंड लागते, हिवाळ्यातल्या ओलीत चुन्यासारखी पापुद्रे सोडत नाही आणि ओल्या फडक्याने स्वच्छ होते. म्हणून जिन्यात आणि दिवाणखान्यात छातीएवढ्या उंचीचा पट्टा लाद्यांचा, वर पांढरा चुना, अशी मांडणी रूढ झाली. जिन्याच्या तोंडाशी पाहुण्याला या म्हणणारा माणसाएवढा चित्रित सेवक हा अठराव्या शतकातला खास पोर्तुगीज प्रकार. लिस्बनच्या फ्रोंतैरा वाड्याच्या बागेत बारा महिन्यांची कामे लाद्यांवर आहेत. स्वयंपाकघरांत खुंटीला टांगलेले मासे, ससे आणि डुकराच्या मांड्या रंगवत. असे एक पटल संग्रहालयाच्या उपाहारगृहात लावले आहे आणि लोक त्याखाली बसून जेवतात.

दर्शनी भिंती : रस्त्याकडची संपूर्ण भिंत लाद्यांनी मढवण्याची चाल एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पसरली. ब्राझीलमध्ये धन कमावून परतलेल्यांनी ती आणली, असे सांगतात. पाऊस आणि दमटपणा यांमुळे तिकडे ती आधी रुजली, यात तथ्य असावे. पण ब्राझीलला लाद्या पोर्तुगालमधूनच जात होत्या, तेव्हा प्रभाव एकाच दिशेने गेला असे मानता येत नाही. पुढे झोर्जे कोलासु (१८६८–१९४२) याने पोर्तूच्या सांव बेंतू स्थानकाचे सभागृह सुमारे २०,००० लाद्यांनी सजवले (१९०५–१६). मारिया कैल हिने १९५९ मध्ये सुरू झालेल्या लिस्बन मेट्रोच्या स्थानकांना अमूर्त नक्षी दिली. चोरांनी आणि बांधकाम करणाऱ्यांनी इतक्या भिंती उघड्या केल्या, की २०१७ मध्ये दर्शनी भिंतींवरील लाद्या काढण्यावर देशव्यापी कायद्याने निर्बंध घालावे लागले.

भारताशी संबंध : सर्वांत अर्थपूर्ण संबंध लाद्यांच्या नव्हे, कापडाच्या वाटेने आला. सतराव्या शतकातील चर्चच्या वेदीच्या पुढच्या पटलांवर फांद्या, फुले, मोर यांची जी नक्षी आहे ती भारतीय छापील आणि रंगवलेल्या सुती कापडावरून घेतलेली आहे. वेदीवर घालायचे महाग कापड मातीत उतरवले आणि किनारीच्या झालरीसुद्धा रंगवल्या.

गोव्यात जुने गोवे येथील सेंट ऑगस्टीनच्या भग्न संकुलात बहुरंगी लाद्यांचे अवशेष मिळाले आहेत. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात कोलासुची १९३५ ची निळी पटले आहेत. विषय पोर्तुगीज कवी कामोंइशच्या ‘लुझियाडस’ या महाकाव्यातील प्रसंग. पणजीच्याच फोंतेन्यास भागात रस्त्यांची आणि घरांची नावे अशा लाद्यांवर दिसतात. गोव्यातील जुन्या घरांच्या रंगीत नक्षीदार जमिनींनाही अलीकडे अझुलेजो म्हणतात, ते बरोबर नाही. त्या बहुधा साच्यात दाबलेल्या सिमेंटच्या लाद्या आहेत. त्यांना झिलई नसते, त्या भट्टीत भाजत नाहीत आणि त्यांचा रंग पृष्ठावर नसून काही मिलिमीटर आतपर्यंत असतो.