हा डेटा नेमका कोणता?

'मूळ डेटा लेखकांकडे मागितल्यास मिळेल' हे वाक्य असंख्य शोधनिबंधांच्या शेवटी सापडते. लिहिणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा प्रामाणिकच असतो. २०१४ साली 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात काही संशोधकांनी या आश्वासनाची परीक्षा घेतली. २ ते २२ वर्षे जुने ५१६ अभ्यास निवडून त्यांनी मूळ डेटाचा शोध घेतला. डेटाचे काय झाले हे जिथे कळले, तिथे तो शिल्लक असण्याचे नसण्याशी असलेले प्रमाण (संख्याशास्त्रज्ञ ज्याला ऑड्स म्हणतात ते) निबंधाच्या वयाबरोबर दरवर्षी १७ टक्क्यांनी घसरत गेलेले दिसले. कुणाचा ईमेल बंद पडला होता, तर कुणाची आकडेवारी वापरात नसलेल्या जुन्या साठवणीत अडकली होती. यात कुणाचीही लबाडी नव्हती. माणसे नोकरी बदलतात, यंत्रे जुनी होतात, एवढेच घडले होते.

संशोधनाची नुकतीच सुरुवात करणाऱ्यांनी डेटाला किंवा निबंधाला दिला जाणारा कायमचा ओळखक्रमांक ही गोष्ट पहिल्या वर्षीच समजून घ्यावी असे मला म्हणूनच मनापासून वाटते. त्यातला सर्वांत परिचित म्हणजे डीओआय (डिजिटल ऑब्जेक्ट आयडेंटिफायर). तो '१०' आणि टिंबाने सुरू होतो. पुढे नोंदणी करणाऱ्या संस्थेचा अंक, मग तिरपी रेघ आणि तिच्यानंतर त्या वस्तूची स्वतःची खूण. फाइल कोणत्या सर्व्हरवर आहे हे यात कुठेच लिहिलेले नसते आणि त्याचे बळ तिथेच आहे. साधा दुवा जागा सांगतो, त्यामुळे जागा बदलली की तो मेला. डीओआयवर टिचकी मारली की मध्यवर्ती यंत्रणा आपल्या नोंदीत पाहते, 'ही वस्तू सध्या कुठे आहे?', आणि वाचकाला तिकडे पाठवते. डेटा हलला तर सांभाळणाऱ्या संस्थेने ती नोंद बदलायची. हजारो निबंधांत छापलेला क्रमांक तसाच राहतो.

अर्थात नोंद आपोआप बदलत नाही, कुणीतरी ती बदलावी लागते. हे काम करण्याचे वचन डेटा किंवा निबंध सांभाळणाऱ्या संस्था देतात. शोधनिबंधांच्या डीओआयची नोंदणी क्रॉसरेफ ही संस्था २००० सालापासून पाहते, तर डेटासाठी २००९ साली डेटासाइट ही संस्था स्थापन झाली. एखादा डेटासेट मागे घ्यावा लागला तरी क्रमांक पुसायचा नसतो. त्या पानावर 'हा डेटा होता, आता उपलब्ध नाही' असे सांगणारी नोंद ठेवणे अपेक्षित असते. क्रमांक आहे म्हणजे डेटा सर्वांना खुला आहे, असेही नाही. रुग्णांची माहिती कुलूपबंद ठेवून तिच्या वर्णनाला आणि ती मिळवण्याच्या अटींना डीओआय देता येतो.

नवखा संशोधक सर्वांत जास्त अडखळतो तो आवृत्तीपाशी. समजा, तुम्ही तापमानाच्या नोंदींचा एक डेटासेट उतरवून घेतला. तीन महिन्यांनी मूळ लेखकांना कळले की काही केंद्रांच्या नोंदी चुकीच्या एककात आहेत, आणि त्यांनी दुरुस्त आवृत्ती टाकली. तुमचा निबंध वाचून कुणी गणित पुन्हा करायला बसले आणि त्याच्या हाती दुसरी आवृत्ती पडली, तर आकडे जुळणार नाहीत. दोष कुणाचाच नसताना तुमच्या कामावर संशय येईल. सर्न या युरोपीय भौतिकशास्त्र संस्थेने २०१३ साली सुरू केलेल्या झेनोडो या ऑनलाइन डेटा-भांडारात प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय मिळतो, आणि सर्व आवृत्त्यांचा मिळून आणखी एक असतो. हा सामायिक क्रमांक वाचकाला नेहमी ताज्या आवृत्तीकडे नेतो. डेटासेटबद्दल सर्वसाधारण बोलायचे असेल तर तो चालेल, पण निष्कर्ष ज्यावर उभे आहेत तिथे वापरलेल्या आवृत्तीचाच क्रमांक द्यायला हवा.

रोज भर पडणाऱ्या डेटाचे दुखणे अवघड आहे. तिथे आपण कोणती निवड केली, कोणत्या निकषांवर आणि कोणत्या तारखेला, हे निबंधात लिहावेच लागते. शक्य असेल आणि परवाना तशी मुभा देत असेल, तर वापरलेला तुकडा स्वतंत्रपणे भांडारात ठेवून त्याचा क्रमांक घ्यावा, आणि मूळ स्रोताचाही संदर्भ द्यावा. जनुकीय अनुक्रम किंवा प्रथिनांच्या रचना यांच्या भांडारांची स्वतःची नोंदक्रमांकांची जुनी पद्धत आहे, तिथे तीच पाळावी.

संदर्भ लिहायला सोपा आहे: निर्माते, वर्ष, शीर्षक, आवृत्ती, भांडाराचे नाव, आणि शेवटी पूर्ण दुव्याच्या रूपात डीओआय. जागा मात्र चुकवू नका. ऋणनिर्देशात किंवा मजकुरात ओझरता उल्लेख केला तर संदर्भ मोजणाऱ्या यंत्रणांना तो सहसा दिसत नाही. त्या संदर्भसूची वाचतात. वर्षानुवर्षे नोंदी घेणाऱ्या माणसाला श्रेय मिळण्याची वाट त्या सूचीतून जाते. डेटासेटसोबत त्यावरचा निबंधही वापरला असेल, तर दोन्हींचे संदर्भ द्यावेत.

स्वतःचा डेटा ठेवताना वेळ साधणे महत्त्वाचे. झेनोडोसारखी भांडारे प्रकाशनाआधीच डीओआय राखून ठेवू देतात, म्हणजे हस्तलिखितात तो लिहिता येतो. पण राखलेला क्रमांक प्रकाशित केल्याशिवाय चालू होत नाही, आणि निबंध छापून आल्यावर ही शेवटची पायरी राहून गेली तर वाचकाला 'डीओआय सापडला नाही' एवढेच दिसते. नोंद भरताना सर्व सहकाऱ्यांचे ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकांचे स्वतःचे ओळखक्रमांक, परवाना आणि निबंधाशी असलेले नाते लिहा. प्रत्येक स्तंभाचा अर्थ आणि एकक सांगणारी साधी मजकूर फाइल सोबत जोडा. छपाईपूर्व प्रत तपासायला येईल तेव्हा आपल्या खात्यातून बाहेर पडून संदर्भसूचीतला प्रत्येक डीओआय उघडून पाहा, आणि समोर येणारी आवृत्ती आपण वापरलेलीच आहे ना, याची खात्री करा.